ठाण्याच्या नौपाड्यातलं कॅमेरा-माइक भाड्याने देणारं दुकान

नववीच्या फिल्मसाठी इथून कॉलर माइक आणि ट्रायपॉड घेतला. कॅमेरा म्हणजे आमचा मोबाइलच. दुकानातल्या काकांनी माइकला फरची टोपी घालूनच दिली. तलावपाळीच्या वाऱ्यात तिनेच संवाद वाचवले. हॉर्न काय, कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. म्हणून सीन संपल्यावर तिथला नुसता आवाज मिनिटभर वेगळा रेकॉर्ड करायला त्यांनी बजावलं होतं. एडिटिंगला हॉर्न कापलेल्या जागी भरायला तो जाम उपयोगी पडला. वर्गातल्या ट्यूबलाइटखाली चित्र फडफडायला लागलं, तेव्हा काकांना फोन केला. ‘आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब तिच्या तालावर लुकलुकते. मोबाइलच्या कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर ठेव.’ फडफड गेली! ट्रायपॉडचं डोकं मात्र ढिलं, पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना, झटका बसतो. डिपॉझिट कॅशच लागतं. लग्नसराईत जाऊ नका, काही शिल्लक नसतं.