फ्योर्डच्या सायकलवाटेचा बनावट आराखडा

नॉर्वेतील डोंगर आणि फ्योर्ड (डोंगरांमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या) यांमधून जाणारी अवघड सायकल सफर आखून देतो, असे सांगून पुण्यातील एका आयोजकाने आमच्या सायकल गटातील काही जणांकडून प्रत्येकी दीड लाखाच्या घरात आगाऊ रक्कम घेतली आणि ती आजतागायत परत केलेली नाही. प्रकरण पोलिसांकडे असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही. मात्र त्याची पद्धत सविस्तर सांगितली पाहिजे, कारण लडाख किंवा स्पितीच्या सफरी विकतानाही ती जशीच्या तशी वापरता येण्यासारखी आहे.

या गृहस्थाने सफर स्वस्त असल्याचे एकदाही म्हटले नाही. उलट दर चढा होता, आणि ‘ही सफर सर्वांना झेपणारी नाही’ हे त्याचे पालुपद होते. त्याने चक्क निवड चाचणी ठेवली. सिंहगडाचा घाट ठरलेल्या वेळेत चढून दाखवायचा, आणि जो चढेल त्याच्याकडूनच पैसे घेतले जातील, असा नियम होता. एक-दोघांना त्याने खरोखरच नाकारले, त्यांना ते बरेच लागले, आणि आज गटात पैसे शाबूत असलेले तेच आहेत. चाचणीचा परिणाम असा झाला, की ज्याची परीक्षा आपण घ्यायची तो आयोजकच परीक्षक ठरला आणि आम्ही उमेदवार. पैसे भरणारा माणूस एरवी जे प्रश्न सहज विचारतो, ते विचारणे मग उद्धटपणाचे वाटू लागते. ‘सर, तुम्ही फक्त पेडल मारा, बाकीचे आमच्यावर सोडा’ या वाक्याला त्यामुळेच वजन आले.

फसवणूक उघडकीस आली ती त्याने दिलेल्या कार्यक्रमपत्रिकेमुळे. सफर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात होती आणि तिचा गाभा होता राल्लारवेगेन. बर्गनच्या रेल्वेमार्गाचे बांधकाम चालू असताना मजूर आणि सामान नेण्यासाठी केलेला हा खडीचा रस्ता आहे. रेल्वे १९०९ मध्ये पूर्ण झाली, रस्ता मागे उरला आणि पुढे तो सायकलस्वारांचा झाला. हाउगास्टॉल येथे सुमारे हजार मीटर उंचीवर सुरू होऊन तो १२२२ मीटरवरील फिन्से स्थानकापाशी येतो, १३४३ मीटरपर्यंत चढतो आणि नंतर फ्लोम येथे फ्योर्डच्या काठी, म्हणजे समुद्रसपाटीला उतरतो. कळसूबाईची उंची १६४६ मीटर असल्याने आपल्याला हे आकडे किरकोळ वाटतात, परंतु साठ अंशांहून अधिक उत्तरेला एवढ्या उंचीवर उन्हाळ्यातही बर्फ टिकतो. वरच्या टप्प्यावरील रस्ता सर्वसाधारणपणे जुलैच्या मध्याच्या सुमारास सायकलीसाठी मोकळा होतो, आणि एखाद्या वर्षी त्याहूनही उशीर लागतो. जूनमध्ये मध्यरात्रीपर्यंत उजेड असतो, म्हणून तोच महिना उत्तम, असे आयोजकाने सांगितले होते. उजेडाचे म्हणणे खरे होते, आणि बर्फाबद्दल त्याने अवाक्षर काढले नाही.

त्याच पत्रिकेत पहिल्या दिवशी सायकली बसमध्ये घालून फिन्सेला पोहोचायचे असे लिहिले होते. फिन्सेला मोटारीचा सार्वजनिक रस्ताच नाही, तेथे लोक रेल्वेने जातात. पुढे फ्लोम ते गुडवांगेन हे अंतर वीस किलोमीटरचे ‘विश्रांतीचे पेडलिंग’ म्हणून दाखवले होते. आमच्यातील एकाला त्या टप्प्यावर जेवणासाठी कोठे थांबता येईल हे पाहायचे होते, म्हणून त्याने नकाशा उघडला, तेव्हा त्या वीस किलोमीटरांपैकी अकरा किलोमीटरांहून अधिक अंतर एका बोगद्यात असल्याचे आणि त्या बोगद्यात सायकलीला मनाई असल्याचे आढळले. सायकलस्वार तेथे बोटीने, नेरॉय फ्योर्डमधून जातात. आउरलांड ते लेर्दाल या टप्प्याची गत याहून वाईट होती. पत्रिकेतील तीस किलोमीटरांपैकी बहुतेक अंतर म्हणजे २४.५ किलोमीटर लांबीचा लेर्दाल बोगदा होता, जो जगातील सर्वांत लांब रस्ता-बोगदा म्हणून प्रसिद्ध आहे आणि सायकलीला अर्थातच बंद आहे. सायकलीने जायचे तर डोंगरावरील जुन्या रस्त्याने, समुद्रसपाटीपासून १३०० मीटरांवर चढून, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस किलोमीटर जावे लागते. ‘अतिअवघड’ म्हणून विकलेल्या सफरीतील सर्वांत अवघड चढ पत्रिकेत नव्हताच. मोटारीच्या नकाशावर दोन गावांची नावे टाकून आलेले अंतर त्याने उतरवून घेतले होते, हे तेव्हा स्पष्ट झाले.

जाब विचारल्यावर त्याने हॉटेलांची आरक्षणपत्रे पाठवली. ती बनावट नव्हती, आणि हीच या प्रकारातील सर्वांत चलाख गोष्ट आहे. नॉर्वेला जाण्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत मुक्कामाचा पुरावा जोडावा लागतो. त्यासाठी विनाशुल्क रद्द करता येणारे आरक्षण केले जाते, त्याची प्रत ग्राहकाला दिली जाते आणि मग ते रद्द होते. कागद खराच राहतो, खोली मात्र उरत नाही. आम्ही आरक्षण क्रमांक देऊन हॉटेलांना थेट ईमेल केले, तेव्हा प्रती आमच्या हाती पडल्यानंतर लगेचच सर्व आरक्षणे रद्द झाल्याचे तारखांसह कळले. ज्या ठिकाणी भाड्याच्या सायकलींचे पैसे भरल्याचे तो सांगत होता, तेथून उत्तर आले, की जूनच्या त्या तारखांना भाड्याने सायकली दिल्याच जात नाहीत.

पैशांच्या बाबतीतही एक खूण होती. परदेशी सहलीचे पॅकेज विकणाऱ्याने ग्राहकाकडून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल करायचा आयकर, घेऊन तो ग्राहकाच्या पॅनवर सरकारकडे भरावा लागतो आणि ती नोंद पुढे आयकर खात्याच्या पोर्टलवर आपल्या नावापुढे दिसते. हा आयोजक ‘तुमचा टीसीएस वाचवतो’ असे सांगून रक्कम एका व्यक्तीच्या बचत खात्यात घेत असे. या सवलतीमुळे व्यवहाराची सरकारदरबारी नोंदच होत नव्हती आणि पक्के बिलही द्यावे लागत नव्हते.

नॉर्वेच्या सफरीची पत्रिका कोणी पुढे केली, तर आयोजकाच्या कार्यालयाची झगमग आणि इतरांचे अभिप्राय पाहण्याआधी तिच्यातील प्रत्येक टप्पा सायकलीचा पर्याय निवडून नकाशावर तपासावा. बोगदा दिसला की तेथे सायकलीला परवानगी आहे का हे विचारावे, कारण ज्याने हा मार्ग एकदा जरी केला आहे त्याला बोगदे, बोटी आणि रेल्वेतील सायकलीची आगाऊ आरक्षित करावी लागणारी जागा या गोष्टी तोंडपाठ असतात. राल्लारवेगेनवर मिरदाल या ठिकाणानंतर फ्लोमकडे जाणाऱ्या उतारावर एकामागून एक तीव्र वळणे आहेत आणि तेथे सायकलीवरून उतरून चालण्याची सूचना दिली जाते. आमच्या पत्रिकेत त्या उताराला ‘थरारक वेग’ असे म्हटले होते. या एका ओळीवरूनही कळावे, की लिहिणारा तेथे गेलेला नाही.

पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी, कारण रक्कम खात्यातून पुढे सरकण्याआधीच ती गोठवता येण्याची शक्यता असते. आमच्या बाबतीत हप्ते भरून बराच काळ उलटला होता, त्यामुळे तेथे फारसे काही हाती लागले नाही. पोलीस ठाण्यात सुरुवातीला ‘हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे, सफर झाली नाही एवढेच’ असे सांगण्यात आले. चित्र बदलले ते हॉटेलांच्या ईमेलमुळे. ग्राहकाला प्रत देऊन लगोलग आरक्षण रद्द करणे यातून सुरुवातीपासूनचा हेतू दिसतो, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील फसवणुकीसाठी हेतूचाच पुरावा लागतो. ते ईमेल मूळ स्वरूपात जपून ठेवावेत. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते. जिल्हा ग्राहक आयोगातही आम्ही स्वतंत्र तक्रार केली आहे. विक्रेत्याला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तेथे शुल्क लागत नाही. आयोजकाने आपल्या उत्तरात ‘हवामानामुळे सफर पुढे ढकलली’ असे म्हटले आहे, आणि आता त्याला जूनमधील त्या रस्त्याची माहिती आधीपासून होती की नव्हती, यावर सुनावणी व्हायची आहे.