सेन्सर स्वॅब किट: स्वॅबला पाच तारे, बाटलीला शून्य (फेब्रुवारी ते ऑक्टोबरचा वापर)

कॅमेऱ्याचा सेन्सर (फोटो टिपणारा आतला भाग) पुसायच्या या किटमधला स्वॅब, म्हणजे कापड लावलेली पट्टी, उत्तम आहे आणि त्यावर टाकायच्या द्रवाची बाटली भिकार आहे. दोन्ही एकाच डब्यात येतात, त्यामुळे तारे द्यायचे कशाला हा प्रश्न पडतो. फुल फ्रेमसाठी (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी) २४ मिमीचे १२ स्वॅब आणि १५ मिलीची बाटली, असा हा डबा. बाकी स्पेक्स सगळीकडे आहेत, ते इथे उगाळत नाही. ब्रँडचं नावही मुद्दाम घेत नाही. याच धाटणीची बाटली इतर डब्यांतही दिसते, आणि दोष तोच.

आधी चांगलं. प्रत्येक स्वॅब वेगळ्या सीलबंद पाकिटात आहे. कापडाची कड कापून सोडलेली नाही, नीट बंद केलेली आहे, त्यामुळे धागे सुटत नाहीत. आतली प्लास्टिकची पट्टी पुरेशी लवचिक आहे. हलक्या दाबाने ती किंचित वाकते आणि कड काचेला पूर्ण रुंदीभर टेकते. स्वस्तातल्या स्वॅबमध्ये पट्टी ताठ असते, मग मध्यभाग टेकतो आणि दोन्ही टोकं अधांतरी राहतात. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी, स्वॅब २४ मिमी, म्हणजे एकाच फेरीत वरपासून खालपर्यंत सगळं पुसलं जातं. एपीएस-सीचा (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याचा) १६ मिमी स्वॅब फुल फ्रेमवर दोनदा फिरवून पैसे वाचवू पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवा: दोन फेऱ्या जिथे एकमेकींवर येतात तिथे मधोमध पट्टा उमटतो. ती बचत नाही, कारण तो काढायला आणखी एक स्वॅब जातो.

आता बाटली. २४ मिमीच्या स्वॅबला दोन, फार तर तीन थेंब लागतात. १६ मिमीला एक किंवा दोन. ही बाटली एका दाबात चार-पाच थेंब सोडते, आणि ते कापडात गेले की परत घेता येत नाहीत. तुम्ही म्हणाल, दोन थेंब जास्त पडले तर बिघडलं काय? सगळं तिथेच बिघडतं. आपण पुसतो ती सेन्सरवरची फिल्टरची काच, आणि तिच्या चारी बाजूंना चौकट असते. स्वॅब जास्त ओला असला की पुढची धूळ उचलली जाते, पण मागे द्रवाची साय राहते. ती कडेला वाहत जाते, चौकटीजवळचा चिकट मळ विरघळवते आणि वाळताना तो काचेवर सोडते. एफ/२२ वर (लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून) फोटो काढला की कोपऱ्यात थेंबाच्या आकाराचा फिकट डाग दिसतो, त्याची कड आतल्या भागापेक्षा गडद. धुळीचा ठिपका लहान आणि काळपट असतो. हा डाग पसरट असतो, म्हणून आकाशात लगेच नजरेत भरतो. लोक म्हणतात स्वॅबने रेघा आल्या. रेघा स्वॅबने येत नाहीत, जास्तीच्या थेंबांनी येतात.

थेंब बरोबर पडले की नाही हे सेन्सरवर तपासू नका. आधी वापरलेला एखादा स्वॅब आणि जुना यूव्ही फिल्टर घ्या. स्वॅबच्या कडेला थेंब टाका, दहा सेकंद थांबा म्हणजे ते कडेभर पसरतील, आणि फिल्टरवरून एकदा ओढा. मागे उमटलेली ओली चकाकी दोन ते चार सेकंदांत नाहीशी झाली पाहिजे. पाच सेकंदांनंतरही काच ओली दिसली तर एक थेंब कमी करा. स्वॅब ओढताना कुरकुरला तर एक वाढवा. वापरलेले स्वॅब म्हणून फेकायचे नाहीत. लेन्स माउंटची (लेन्स बसते तिथली) धातूची कडी आणि बॉडी कॅपची आतली बाजू पुसायलाही ते कामाला येतात, आणि धुळीचा मोठा साठा तिथेच असतो. डीएसएलआर कॅमेऱ्यातल्या आरशाला मात्र हात लावू नका. त्याचा लेप काचेच्या वरच्या पृष्ठभागावर असतो आणि सहज निघतो.

जूनमधली भर. बाटली निम्मी झाली आणि दाब न देताच थेंब गळायला लागले. स्वॅबवर धरली की टपटप सुरू. विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, लिक्विड ही वापरून संपणारी वस्तू आहे, परत घेतली जात नाही. अहो, लिक्विड परत करायचंच नव्हतं, टोपण बदलून हवं होतं! तीनदा लिहिल्यावर पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन आलं. ते तसंच पडून आहे.

नोजल दोषी आहेच, पण अर्धी भानगड हवेची आहे. बाटली भरलेली असते तेव्हा आत हवा थोडी असते. निम्मी झाली की हवा वाढते. मुठीत धरली की तळव्याच्या उष्णतेने ती फुगते आणि द्रव बाहेर ढकलते. लेबलवर घटक लिहिलेले नाहीत (हाही एक तारा गेला), पण वासावरून अल्कोहोल आहे हे कळतं, आणि अल्कोहोलची वाफ लवकर होते. एसीत ठेवलेली बाटली उन्हाळ्यातल्या गरम हातात घेतली की गळणारच. म्हणजे जसजशी संपत जाते, तसतशी जास्त गळते.

उपाय फुकटचा आहे. बाटली तळाशी बोटांच्या टोकांनी धरा, मुठीत नको. उभी असतानाच किंचित दाबून थोडी हवा बाहेर काढा, दाब तसाच ठेवून उलटी करा आणि मग दाब सैल करा. बाटली हवा आत ओढते आणि द्रव तोंडाशी थांबतो. त्यानंतर हलकेच दाबलं की एकच थेंब सुटतो. ही पद्धत हाती लागल्यावर माझं मत थोडं निवळलं, पण १५ मिलीच्या बाटलीला ही कसरत का करावी लागावी?

इन्सुलिनच्या सिरिंजने मोजून टाका, असा सल्ला बरेच जण देतात. ऐकायला झकास आहे. लाल टोपणाच्या यू-४० सिरिंजवर प्रत्येक खूण ०.०२५ मिलीची असते, त्यामुळे माप अचूक येतं. पण सिरिंजचा दट्ट्या सहज सरकावा म्हणून आत सिलिकॉन तेलाचा हात दिलेला असतो. ते तेल द्रवाबरोबर स्वॅबवर येतं आणि काचेवर असा तेलकट थर बसतो की तिरप्या उजेडात इंद्रधनुष्य दिसतं. माप अचूक, काम नासलं. मोजायचंच असेल तर स्वच्छ काचेचा बारीक ड्रॉपर घ्या.

हँड सॅनिटायझर आणि मेडिकलमधलं ७० टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) यांचा विचारही नको. एकात जेल आणि सुगंध, दुसऱ्यात ३० टक्के पाणी. दोन्ही मागे काहीतरी ठेवून जातात. मिथेनॉलचं शुद्ध लिक्विड लवकर उडतं, पण ते विषारी आहे आणि ११ अंशांच्या आसपासही त्याची वाफ पेट घेऊ शकते. खिडकी उघडी ठेवा आणि देवघरात निरांजन तेवत असताना हे काम काढू नका. उदबत्तीचा धूर तर तसाही नकोच.

किटमध्ये ब्लोअर (दाबून हवा मारायचा रबरी फुगा) नाही, आणि तो नसेल तर हे किट उघडूच नका. धुळीत वाळूचा एक कण असला आणि त्यावरून स्वॅब ओढला तर ओरखडा कायमचा. काच बदलायचा खर्च ऐकला की सेकंडहँड बॉडी स्वस्त वाटते. ब्लोअर मागच्या झडपेतून हवा घेणारा असावा. ज्याला झडप नसते तो तोंडानेच हवा ओढतो, म्हणजे आधी धूळ पितो आणि मग तीच आत फुंकतो. नवा ब्लोअर असला तर आधी दहा-वीस वेळा बाहेर दाबून घ्या, रबराच्या आत पावडर असते. कॅमेऱ्याचं तोंड खाली करून फुंका. नळीचं टोक माउंटच्या आत घालू नका. दाबताना हात हलला की टोक सरळ काचेवर आपटतं. हवेचा स्प्रे कॅन नको, त्यातला द्रव बाहेर उडतो आणि थिजून डाग पाडतो. तोंडाने फुंकणाऱ्यांना काय सांगावं! थुंकीचा डाग धुळीपेक्षा चिवट.

फुंकून झालं की तपासणी. आयएसओ १००, एफ/१६ किंवा एफ/२२, पांढरी भिंत किंवा मोकळं आकाश, फोकस मॅन्युअल आणि मुद्दाम चुकवलेला. भिंत असेल तर शटर एखादा सेकंद उघडा ठेवून कॅमेरा हलवा. भिंतीवरचे डाग पुसट होतात, सेन्सरवरचे तिथेच राहतात. फोटोत ठिपका वर डावीकडे असेल, तर माउंटमधून बघताना तो खाली डावीकडे असतो. वर-खाली उलटतं, डावं-उजवं नाही. हे विसरून लोक चुकीचा कोपरा घासत बसतात. ब्लोअरनेच ठिपके गेले तर स्वॅब पाकिटातच राहू द्या. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना, जे एफ/२.८ ते एफ/५.६ च्या पुढे जातच नाहीत, त्यांना तर ठिपके दिसतही नाहीत. मॅक्रोवाल्यांचं (अगदी जवळून फोटो काढणाऱ्यांचं) उलटं: १:१ वर, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटते तेव्हा, एफ/११ लावलं की परिणाम एफ/२२ चा होतो, मग प्रत्येक कण दिसतो.

प्रत्यक्ष पुसणं मिनिटभराचं. पंखा पंधरा मिनिटं आधी बंद करा. पलंगावर किंवा सोफ्यावर बसून हे करायचं नाही. डीएसएलआर असेल तर मेन्यूतल्या क्लीनिंग मोडनेच आरसा वर घ्या आणि बॅटरी पूर्ण भरलेली ठेवा. बल्ब मोडवर करू नका. मधेच बोट सुटलं तर शटरचे पडदे स्वॅबवर येतात. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) हात हलल्याची भरपाई करणारं स्थिरीकरण असेल तर सेन्सर तरंगता असतो, म्हणून कॅमेरा बंद करून आणि दाब अर्धाच ठेवून पुसा. स्वॅब एका कडेला टेकवा, थोडा कलवा, दोन-तीन सेकंदांत एकसारखा दुसऱ्या कडेपर्यंत न्या, बाजूच्या भिंतीला टेकायच्या आधी उचला. मग दुसऱ्या बाजूने परत. झालं. खिडकीची काच पुसल्यासारखं पुढे-मागे करायचं नाही. भिंतीला किंवा शटरच्या पात्याला कड लागली की तिथलं वंगण काचेवर येतं, आणि मग तेलाचे ठिपके काढण्यात दोन स्वॅब जास्त जातात. निकॉन डी६०० कॅमेऱ्याच्या सेन्सरवर उडणारे ठिपके आठवत असतीलच, त्यापायी कंपनीला शटर फुकट बदलून द्यावे लागले होते. तसे ठिपके ब्लोअरने हलत नाहीत, त्यांना ओलाच स्वॅब लागतो.

ऑक्टोबरमधली भर. पावसाळ्यात मत पुन्हा बदललं, आणि या वेळी लिक्विडबद्दल. हवा दमट असली की अल्कोहोल उडताना काच गार होते आणि तिच्यावर हवेतलं बाष्प धरतं. पुसल्यावर लगेच दिसणारी धुकट छटा म्हणजे हेच. तिच्यावर दुसरा स्वॅब मारू नका, मिनिटभर थांबा. एसी खोलीत कॅमेरा अर्धा तास ठेवून मग उघडला तर हा प्रश्न येत नाही.

आपल्याकडच्या धुळीचे प्रकारही डब्यावरच्या सूचनांत बसत नाहीत. जेजुरीचा भंडारा आत गेला असेल तर आधी ब्लोअरने जेवढा निघेल तेवढा काढा आणि पुन्हा काढा. हळदीचा पिवळा रंग पाण्यात विरघळत नाही, पण अल्कोहोलमध्ये चटकन विरघळतो. एक कण राहिला तरी स्वॅबमागे पिवळी रेघ ओढली जाते. मग दर फेरीला कोरी बाजू, दुसरा इलाज नाही. गुलालात स्टार्च असला तर ओलाव्याने त्याचा लगदा होतो. कोकण किनाऱ्यावरच्या खाऱ्या फवाऱ्याचं आणखी वेगळं: मीठ अल्कोहोलमध्ये जेमतेम विरघळतं, त्यामुळे या किटचं लिक्विड त्यावर नुसतं फिरतं. तिथे पाण्यावर आधारलेलं सेन्सर लिक्विड हवं, एक थेंब कमी घालून, कारण ते वाळायला वेळ घेतं.

हिशेब असा. हा डबा मला बाराशेला पडला, म्हणजे स्वॅब शंभराला एक. शिकताना तीन-चार स्वॅब बाटलीच्या पायी वाया जातात असं धरलं तरी सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्यांपेक्षा परवडतं. एकूण तीन तारे. नुसत्या स्वॅबचा डबा मिळाला तर तो घ्या आणि लिक्विड वेगळं, घटक छापलेलं. एपीएस-सी असेल तर १६ मिमीचाच घ्या, २४ चा स्वस्त मिळतोय म्हणून नाही, तो आत आडवा बसत नाही. आणि किट घेतलंच, तर बाटली मुठीत धरू नका.