थेट बोलावं की वरिष्ठांच्या कानावर घालावं?

चूक दाखवली की तोंड फुगवणारा, मीटिंगमध्ये खिदळणारा, काम अंगावर आलं की "मला कोणी सांगितलंच नाही" म्हणणारा सहकारी वाट्याला आला, की दोनच वाटा उरतात.

मला थेट बोलणं केव्हाही आधीचं वाटतं. मात्र चारचौघांत नाही, आणि "जरा मोठा हो" असं तर नाहीच. मानसोपचारतज्ज्ञ एरिक बर्न यांनी १९५०च्या दशकात माणसाच्या तीन मनोवस्था मांडल्या: पालक, प्रौढ आणि मूल. आपण पालकाच्या सुरात दटावलं की समोरच्यातलं मूलच उसळून येतं. मी एकदा अशीच चिडून बोलले, तर पुढचे चार दिवस माझ्या टेबलावर फाइली आपटल्या जात होत्या. मग शांतपणे एवढंच म्हटलं, "काल तक्ता सहाला आला, म्हणून माझा अहवाल रखडला. उद्या चारला देशील?" तो जरा गडबडला, पण तक्ता चारला आला.

वरिष्ठांकडे गेलं की नात्यात अढी बसते. शिवाय "तो पोरकट आहे" ही तक्रार टिकत नाही. तारीख, घडलेली गोष्ट आणि कामाचं झालेलं नुकसान लिहून न्यावं लागतं. दोनदा बोलूनही फरक पडला नाही, तर ही वाट धरावी. शरीरावरून शेरे किंवा धमक्या सुरू झाल्या तर मात्र समजावत बसू नये, त्याच दिवशी लेखी तक्रार द्यावी.