औषधं, आहार, यंत्र की ऑपरेशन: मुलाच्या फिट्स थांबत नसतील तेव्हा

'मेंदूचं ऑपरेशन' हे शब्द कानावर पडले की घरात बहुतेकदा पहिला सूर निघतो, "आणखी एखादं औषध करून बघू." असं वाटणं साहजिक आहे, पण आकडे या आशेच्या बाजूने नाहीत. ग्लासगोमधल्या ४७० रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या औषधाने ४७ टक्के रुग्णांच्या फिट्स थांबल्या, दुसऱ्या-तिसऱ्या औषधाने आणखी १४ टक्क्यांच्या आणि दोन औषधं एकत्र देऊन जेमतेम ३ टक्क्यांच्या. त्यामुळेच नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही फिट्स येत राहिल्या, तर तो औषधांना दाद न देणारा अपस्मार (फिट्सचा आजार) मानतात. तिसरं औषध जरूर सुरू करा, पण त्यासाठी ऑपरेशन करता येईल का याची तपासणी लांबवू नका. दोन्ही एकाच वेळी चालू शकतं.

मात्र 'औषध लागू पडलं नाही' असं म्हणण्याआधी डोस तपासून घ्या. मुलाचं वजन वाढलं आणि डोस जुनाच राहिला, असं सर्रास घडतं. औषधाची निवडही चुकलेली असू शकते. मूल क्षणभर हरवल्यासारखं होतं किंवा अंग दचकतं, अशा फिट्स कार्बामाझेपिनने वाढू शकतात.

फिट निघते कुठून?

पुढची सगळी तुलना या एका प्रश्नावर अवलंबून आहे. त्यासाठी मुलाला काही दिवस दाखल करून व्हिडिओ ईईजी करतात, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरी आणि मुलाचं चित्रण एकाच वेळी नोंदवतात, गरज पडली तर औषध कमी करून फिट येऊ देतात. आईबापांना हे बघवत नाही, पण फिट नोंदली गेल्याशिवाय जागा कळत नाही. सोबत अपस्मारासाठीच्या खास पद्धतीने काढलेला एमआरआय लागतो, शक्यतो ३ टेस्लाच्या (जास्त ताकदीच्या चुंबकाच्या) मशीनवर. जुना एमआरआय 'नॉर्मल' आला होता म्हणून आशा सोडू नका. मेंदूच्या सालीतला बारीक दोष सहज नजरेतून सुटतो, आणि दोन वर्षांखालच्या बाळात मेंदूची वाढ अपुरी असल्याने तो कधीकधी दिसतच नाही. पुढे वय वाढल्यावर पुन्हा फोटो काढावा लागतो.

घरचा मोबाइल व्हिडिओ इथे फार कामाला येतो. आधी मुलाला कुशीवर वळवा, पांघरूण काढा, मग चेहरा आणि दोन्ही हात एकाच चौकटीत घ्या. पहिले दहा सेकंद सर्वांत मोलाचे: मान कुठे वळली, कोणता हात आधी ताठ झाला, नावाने हाक मारल्यावर उत्तर आलं का. फिट संपल्यावर कोणता हात लुळा पडला तेही टिपा.

जनुकीय तपासणीही लवकर करून घ्यावी. ड्राव्हे सिंड्रोमसारख्या जनुकीय आजारात फिट्स एका जागेच्या नसतात, तिथे मेंदूचा भाग काढून सहसा उपयोग होत नाही.

पर्याय शेजारी शेजारी ठेवल्यावर

सगळ्या तपासण्या एकाच जागेकडे बोट दाखवत असतील, तर तो भाग काढणं हाच फिट्स पूर्ण थांबण्याचा सर्वांत मोठा मार्ग आहे. दिल्लीच्या एम्समध्ये ११६ मुलांवर झालेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर ऑपरेशन झालेल्या ७७ टक्के मुलांना फिट्स नव्हत्या. फक्त औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं. त्याच चाचणीत ऑपरेशनच्या गटातल्या ३३ टक्के मुलांना गंभीर त्रासही झाला. अंगाच्या एका बाजूची कमजोरी त्यातच येते. काढलेल्या भागाचं काम जाणार, हे काही मुलांच्या बाबतीत आधीच माहीत होतं. म्हणून सर्जनना दोन याद्या वेगवेगळ्या मागा: काय जाणारच आहे, आणि काय चुकून जाऊ शकतं.

हा फरक हेमिस्फेरोटॉमीत सर्वांत स्पष्ट दिसतो. रासमुसेन एन्सेफलायटिस (मेंदूच्या एका बाजूला वाढत जाणारी सूज), जन्माच्या सुमाराचा मोठा स्ट्रोक किंवा एका बाजूचा मेंदू मुळातच बिघडलेला असेल, तर तो अर्धा भाग उरलेल्या मेंदूपासून तोडतात. विरुद्ध बाजूच्या हाताची बोटं सुटी सुटी हलणं त्यानंतर जातं, आणि दोन्ही डोळ्यांतून त्या बाजूचं अर्धं दृश्य जातं. मूल सहसा चालतं. मुलाला त्या हाताचा अंगठा एकेका बोटाला लावून दाखवायला सांगा. हे त्याला आजच जमत नसेल, तर हाताच्या बाबतीत ऑपरेशन फारसं काही हिरावून घेणार नाही. सहज जमत असेल, तर गमवायचं खूप आहे, आणि 'आत्ताच की काही काळाने' हा प्रश्न खरोखर अवघड होतो. लहान वयात भाषेचं काम दुसऱ्या बाजूला सरकू शकतं, ही घाई करण्यामागची मोठी बाजू. दुसरीकडे, तान्ह्या बाळाच्या अंगात किलोमागे साधारण ८० मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे आठ किलोच्या बाळात एकूण साडेसहाशेच्या आसपास. मोठ्या माणसात किरकोळ ठरणारा रक्तस्राव तिथे धोक्याचा होतो. म्हणूनच अशी ऑपरेशनं नेहमी करणारी आणि लहान मुलांची भूल रोज हाताळणारी टीम निवडावी.

मेंदूचे दोन भाग जोडणारा पट्टा कापण्याचं ऑपरेशन वेगळ्या हेतूने करतात. मूल धाडकन पडून डोकं फोडून घेत असेल तर ते पडणं कमी व्हावं, एवढंच त्याचं उद्दिष्ट. बाकीच्या फिट्स राहू शकतात. लेझरने खोलवरची छोटी गाठ जाळता येते, जखम लहान असते आणि मूल लवकर घरी जातं, पण मोठ्या किंवा पसरलेल्या दोषाला ते पुरत नाही.

जागा सापडत नसेल तर किटोजेनिक आहार आणि व्हेगस नर्व्हचं यंत्र उरतात. आहारात प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून एक ग्रॅम असेल तर तीन ते चार ग्रॅम स्निग्धांश, आणि सगळं वजनकाट्यावर. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनी ३८ टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून जास्त घटल्या; आहार सुरू न केलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं. बिघडतं ते बहुधा लपलेल्या साखरेमुळे, तापाच्या गोड सिरपमुळेसुद्धा. बद्धकोष्ठता आणि मूतखडा यांवर लक्ष ठेवावं लागतं. चरबी पचवण्याचे काही जन्मजात दोष असतील तर हा आहार जिवावर बेतू शकतो, म्हणून आधी रक्त-लघवी तपासल्याशिवाय घरच्या घरी सुरू करू नका. व्हेगस नर्व्ह या मानेतल्या नसेला ठरावीक वेळाने विजेचे हलके झटके देणारं यंत्र छातीत डावीकडे बसवतात. सुमारे निम्म्या रुग्णांत फिट्स निम्म्यावर येतात, पूर्ण थांबणं विरळाच. आवाज घोगरा होतो, काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते.

काहीच न करण्यालाही धोका आहे. अपस्मार असलेल्या सुमारे ४,५०० मुलांमागे वर्षाला एकाचा अचानक मृत्यू होतो, आणि संपूर्ण अंगाचे मोठे झटके थांबत नसतील तर हा धोका वाढतो. अनुभवी केंद्रांत ऑपरेशनमुळे मृत्यू होण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी असतं. पण ऑपरेशनचा धोका एका दिवशी समोर उभा राहतो, फिट्सचा वर्षानुवर्षं थोडा थोडा साचतो. घरात चर्चा करताना दोन्ही बोलून दाखवा.

ऑपरेशन ठरलंच तर

औषधं दुसऱ्या दिवशी बंद होत नाहीत. सहसा काही महिने तशीच ठेवून, मग एकेक हळूहळू कमी करतात. पहिल्या आठवड्यात फिट आली म्हणून ऑपरेशन फसलं असं लगेच समजू नका. काही दिवस ताप आणि डोकेदुखी राहू शकते, तरी जंतुसंसर्ग नाही हे तपासून घ्यावंच लागतं. हेमिस्फेरोटॉमी झालेल्या मुलाला काही महिन्यांनी, वर्षांनीही, सकाळी उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी दिसली, तर डोक्यात पाणी साचलं असू शकतं. त्याच दिवशी स्कॅन करून घ्या. शाळेतही ही लक्षणं लिहून द्या.