नाशिकच्या आडगाव नाक्याजवळची डिझेल लॅब: पिकअप परत आला

माझी कॉमन रेल इंजिनची दहाचाकी पिंपळगावचा कांदा वाशीला नेते. परतीला माल भरून कसारा घाट चढताना हल्ली ती रडायची, मागे काळा धूर. एका मेकॅनिकने थेट चिप बसवून पॉवर वाढवायला सांगितलं. इथल्या मिस्त्रींनी मात्र आधी स्कॅनर लावला आणि म्हणाले, "शेठ, आहे ती ताकद तरी पूर्ण मिळतेय का बघू."

मिळत नव्हतीच. इंटरकूलरचा होज क्लँपपाशी चिरलेला, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा वाटेतच गळत होती. हवा कमी आणि डिझेल तेवढंच, म्हणून धूर. मग सहाही इंजेक्टर टेस्ट बेंचवर लावले. दोघांचं रिटर्न, म्हणजे न जळता टाकीकडे परत जाणारं डिझेल, जास्त होतं. नोझल बदलले, खालचे तांब्याचे वॉशर नवे टाकले. (नोझल बनवणारा बॉशचा कारखाना सातपूरला, तरी बाजारात डुप्लिकेट माल कमी नाही. इथे सीलबंद डबी समोर फोडतात.) बदललेल्या इंजेक्टरचे कोड ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, भरायलाही विसरले नाहीत. बरेच जण तिथेच टंगळमंगळ करतात.

आता घाटात एक गिअर वरचा चालतो. चिपला मिस्त्रींचाच नकार: क्लच, गिअरबॉक्स त्या ताकदीचे नाहीत, वर एक्झॉस्टची उष्णता वाढून टर्बो जातो.

दर चढेच आहेत, उधारी अजिबात नाही. आणि शनिवारी जाऊ नका, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत येते.