सॅलिसिलिक पील आणि फ्रॅक्शनल लेसर : काही महिन्यांनंतरचा अनुभव

मुरुमांनी माझ्या गालांवर तपकिरी डाग आणि खड्डे असे दोन्ही मागे ठेवले होते. डागांचा रंग बहुतांशी वरच्या बाह्यत्वचेत असतो, खड्डा मात्र खालच्या अंतस्त्वचेत पडलेला असतो. त्यामुळे एकाच उपचाराने दोन्ही जातील, ही अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

सुरुवात ३० टक्के सॅलिसिलिक आम्लाच्या पीलने, म्हणजे त्वचेचा वरचा थर सोलवणाऱ्या रासायनिक लेपाने झाली. हे आम्ल तेलात विरघळत असल्याने रंध्रांत सहज उतरते. लावल्यावर चेहरा पांढरट दिसतो, पण तो थर आम्लाच्या स्फटिकांचा असतो. काही मिनिटे चुरचुरते, पुढे दोन-चार दिवसांत बारीक पापुद्रे सुटतात आणि कामावर जाता येते. ठरावीक अंतराने पील घेत गेल्यावर डाग चांगलेच फिके झाले, नवे मुरूमही कमी झाले. खड्डे मात्र जसेच्या तसे राहिले.

म्हणून पुढे फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसर घेतले. त्याच्या १०,६०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांची ऊर्जा त्वचेतील पाण्यात शोषली जाते आणि तेवढ्या जागी सूक्ष्म छिद्रे पडतात. मधली त्वचा शाबूत राहत असल्यामुळे जखम लवकर भरते. बधिर करणारे मलम लावूनही चटके जाणवले, आणि खपल्या पडेपर्यंत चेहरा खरखरीत कागदासारखा लागत होता. नवे कोलॅजन, म्हणजे त्वचेला भरीवपणा देणारे प्रथिन, तयार होण्यास महिने लागतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. आज उथळ, पसरट खड्डे निश्चितच भरून आले आहेत, पण अरुंद आणि खोल खड्ड्यांत फारसा फरक नाही.

लेसरच्या या खोलवर जाण्याची किंमतही मोजावी लागली. सावळ्या त्वचेत जखमेनंतर मेलॅनिन हे रंगद्रव्य वाढण्याचा धोका अधिक असतो. त्याप्रमाणे लेसरच्या जागी काळपट छटा उमटली आणि पीलने मिळवलेला उजळपणा काही काळ झाकला गेला. ती ओसरेपर्यंत मी आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन वापरले, कारण दृश्य प्रकाशानेही असे डाग गडद होतात आणि साधे पारदर्शक सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही.

सॅलिसिलिक पीलहून बरेच खोल जाणाऱ्या फिनॉल पीलबद्दलही मी विचारले होते. फिनॉल रक्तात शोषले जाऊन हृदयाचे ठोके अनियमित करू शकते आणि सावळ्या त्वचेवर कायमचे पांढुरके चट्टे पडू शकतात, म्हणून डॉक्टरांनी ते स्पष्ट नाकारले. मला ते पटले. अरुंद खड्ड्यांसाठी आता संपूर्ण चेहऱ्याऐवजी फक्त खड्ड्याच्या तळाशी तीव्र ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाचा थेंब टेकवण्याचे ठरले आहे.