इफुगाव की बिकोल?

मनिलाहून एक रात्र बसमध्ये काढली की उत्तरेला इफुगावचे डोंगर येतात. तशीच एक रात्र दक्षिणेकडे काढली की बिकोलचा मायोन ज्वालामुखी समोर उभा राहतो. जून २०२५ पासून आपल्याला फिलिपिन्समध्ये १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, पण ते दिवस वाढवून मिळत नाहीत. त्यातून मनिला, येणं-जाणं आणि घरच्यांनी हट्ट धरलेलं एखादं बेट वजा केलं, तर खरा मुलूख बघायला चार-पाच दिवस उरतात. एवढ्यात दोन्हीकडे जाणारे लोक मला भेटले आहेत. त्यांच्या आठवणीत बसच जास्त होती.

मी आधी इफुगावला गेलो आणि दोन वर्षांनी बिकोलला. यंदा आईला घेऊन जायचं ठरलं तेव्हा दोन्हींतलं एकच निवडायचं होतं. निवडताना ज्या गोष्टींचा विचार केला त्या लिहितो, म्हणजे जेवण, थोडं धाडस आणि तिथले रीतिरिवाज. हॉटेलं आणि किनारे यांची माहिती सगळीकडे मिळते.

इफुगावला जायचं ते डोंगर कोरून केलेल्या भातखाचरांसाठी. मावळात किंवा कोकणात बांधावरून चाललेल्या माणसाला तिथे काय बघायचं ते सांगावं लागत नाही. पाणी वरच्या खाचरातून खालच्यात कसं सोडलंय, बांध कुठे दगडी आणि कुठे मातीचा आहे, कुठला तुकडा इतका अरुंद आहे की चार माणसं ओळीने उभी राहिली तर लावणी संपेल, याकडे नजर आपोआप जाते. एक गोष्ट मात्र आधी कळलेली बरी. २० पेसोच्या नोटेवर बनावे या तिथल्या मुख्य गावाची खाचरं आहेत, पण १९९५ साली युनेस्कोने जे पाच समूह यादीत घेतले ते बाताद, बांगान, मायोयाव, हुंगदुआन आणि नागाकादान. बनावेच्या रस्त्यावरून फोटो काढून परत फिरलात तर त्यातलं एकही बघितलेलं नसतं. त्यातही बाताद चुकवू नका. पायवाटेने गावात उतरलं की समोरचा सगळा डोंगर अर्धवर्तुळात पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातो. तिथून खाली ताप्पिया धबधब्यापर्यंतची वाट गुडघ्यांची परीक्षा घेते, पण ती माझ्या आयुष्यातल्या सुंदर वाटांपैकी एक आहे.

रीतिरिवाजांच्या बाबतीत इफुगाव कोणाला हार जाणार नाही. हुदहुद ही तिथली दीर्घ गाणी पेरणीला, कापणीला आणि मृताच्या जागरणाला म्हटली जातात, आणि त्यांत पुढाकार बायकांचा असतो. ओवी ज्यांनी आजीच्या तोंडून ऐकली आहे त्यांना कामाच्या लयीत गाणं कसं वाढत जातं ते समजेल. कापणी संपली की हुंगदुआनच्या हापाव भागात नदीत उतरून पुन्नुक नावाची रस्सीखेच होते. २०१५ साली तीही युनेस्कोच्या यादीत गेली. पण हे सगळं शेतीच्या वेळापत्रकाप्रमाणे चालतं, प्रवाशाच्या रजेप्रमाणे नाही. तसंच असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मला जे नडलं ते वेगळंच होतं, आणि माझा निर्णय शेवटी त्याच्यावरच झाला. तिकडच्या गावांतल्या जीपनी, म्हणजे जीपसारख्या लांबट प्रवासी गाड्या, सकाळी माणसं आणि माल घेऊन बनावेच्या बाजाराला येतात आणि दुपारनंतर गावाकडे परत जातात. गावकऱ्यांसाठी ही सोय अगदी योग्य आहे. प्रवाशाला मात्र नेमकं उलटं हवं असतं. त्याला सकाळी गावात जायचं असतं आणि संध्याकाळी परत यायचं असतं. मग एकच उपाय उरतो, अख्खी गाडी भाड्याने घेणं. आम्ही दोघं होतो, आणि दहा-पंधरा माणसांच्या गाडीचं भाडं रोज दोघांत भरत होतो. पैसे एक वेळ सोडून देऊ. गाडी भाड्याची असली की तुम्ही तिच्याशी बांधले जाता. चालक खाली वाट बघतोय हे डोक्यात असतं. हापावला एका घराच्या ओट्यावर म्हातारीने बसायला सांगितलं, आत चुलीवर काहीतरी शिजत होतं, आणि आम्हाला उठावं लागलं, कारण ठरलेली वेळ झाली होती. त्या चुलीवर काय होतं ते मला आजही माहीत नाही.

ही अडचण जेवणासाठी फिरणाऱ्याला फार महाग पडते, कारण इफुगावचं खरं अन्न घरात आणि विधींत आहे. वर्षातून एकदाच पिकतो तो तिनावोन तांदूळ. नावाचा अर्थच ‘वर्षातून एकदा’. त्याचं पीक थोडं, घरापुरतं, आणि तांदळाची बाया ही मदिराही अशीच घरोघरची. बनावेतल्या खानावळींत मला मिळाल्या त्या परतलेल्या नूडल्स, ऑम्लेट आणि केळ्याचे पॅनकेक. तिनावोन मी पाहिला तो दुकानात, पिशवीत बांधलेला. ताटात तो एकदाच आला, बातादला मुक्काम केला त्या रात्री. दाणा जाडसर, वास असा की नुसता भात खावा. म्हणजे उपाय आहे. गावातच मुक्काम करायचा, दोन-तीन रात्री, एकाच ठिकाणी. ज्याला ते जमेल त्याच्यासाठी माझी तक्रार निम्मी कमी होते. पण आईला ती पायवाट रोज चढा-उतरायला लावणं मला शक्य नव्हतं.

बिकोलमध्ये मी गाडी भाड्याने घेतलीच नाही. मायोनजवळच्या लेगाझ्पी शहराहून आसपासच्या कामालिगला, दारागाला, गिनोबातानला जीपनी दिवसभर धावतात, हात केला की थांबतात. दोन्हींतला हा फरक कागदावर किरकोळ दिसेल. माझ्यासाठी त्याने सहलीचा स्वभाव बदलला. भूक लागली तिथे उतरलो, खाल्लं, मागून येणारी दुसरी पकडली.

आणि खायला काय मिळतं ते बघा. बिकोल म्हणजे नारळाचं दूध आणि मिरची. फिलिपिन्समध्ये इतरत्र जेवण आपल्या जिभेला थोडं मिळमिळीत किंवा गोडसर वाटतं, तशी तक्रार इथे राहत नाही. लाइंग हा तिथला रोजचा पदार्थ: वाळवलेली अळूची पानं, दाट नारळाचं दूध, मिरची, आणि चवीला सुकी कोळंबी किंवा तिचं खारवलेलं वाटण. दूध तेल सुटेपर्यंत आटवतात. आपण अळू खाजू नये म्हणून चिंच घालतो. ते पानं वाळवून घेतात, आणि शिजताना सुरुवातीला ढवळायचं नाही, ढवळलं तर खाजतं, असं बजावतात. खानावळीतल्या बाईंनी हे मला हातवारे करून सांगितलं तेव्हा माझ्या मावशीचीच आठवण झाली. कामालिग पिनांगातसाठी प्रसिद्ध आहे. अळूच्या पानात सारण भरून पुडी बांधतात आणि गवती चहाच्या वासाच्या नारळाच्या दुधात ती मंद शिजवतात. अळूवडी आणि सुकटीचं कालवण दोन्ही आवडणाऱ्या माणसाने त्यासाठीच जावं, इतकं ते मला भावलं.

शाकाहारी लोकांनी दोन्हीकडे सावध राहावं. बिकोलमध्ये भाजी दिसते त्यातही कोळंबी किंवा डुकराचं मांस असतं. निदान ‘वालांग बाबोय’ म्हणजे ‘डुकराचं नको’ एवढं पाठ करून ठेवा. खानावळीत भांडी समोर मांडलेली असतात, बोट दाखवून घ्यायचं, त्यामुळे झाकण उचलून विचारता तरी येतं.

धाडसासाठी मायोन आहे. उंची २४६२ मीटर, आणि शंकू इतका रेखीव की पहिल्यांदा बघताना माणूस बोलायचा थांबतो. १ फेब्रुवारी १८१४ च्या उद्रेकात काग्सावाचं चर्च गाडलं गेलं. त्याचा घंटामनोरा शेतांमध्ये आजही उभा आहे. तिथून चारचाकी मोटारसायकलींवरून लाव्ह्याच्या जुन्या वाटेपर्यंत नेतात. शिखराभोवतीचं सहा किलोमीटरचं वर्तुळ कायमचं बंद आहे, आणि ज्वालामुखी संस्थेचा इशारा वाढला की बाकीचंही बंद होतं, तेव्हा तिकिटं काढण्याआधी तो बघाच. ढगांचीही हमी नाही. माझ्या चारपैकी दोन सकाळी मायोन दिसलाच नाही.

शेजारच्या सोर्सोगोन प्रांतातलं दोन्सोल मला सगळ्यांत जास्त आवडलं. तिथे व्हेल शार्कला बुतांदिंग म्हणतात. सेबू बेटावरच्या ओस्लोबला त्यांना खाऊ घालून किनाऱ्याशी थांबवतात. दोन्सोलला खाऊ घालत नाहीत, होडीतून शोधायला जावं लागतं. एका माशाभोवती सहाच पोहणारे, हात लावायचा नाही. आम्हाला पावणेतीन तासांत एकदाच दिसला, मिनिटभर. तेवढ्यात माझं समाधान झालं. कोणाचं होणार नाही, हेही मी समजू शकतो. मार्च ते मे हा काळ बरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरला बिकोल टाळावं. २०२० आणि २०२४ साली त्याच महिन्यांतल्या वादळांनी तिथे फार नुकसान केलं.

परंपरेत बिकोलचं पारडं माझ्या मते थोडं हलकं आहे, सप्टेंबर सोडून. त्या महिन्यात नागा शहरात पेन्याफ्रान्सियाच्या मेरीमातेचा उत्सव होतो आणि मूर्ती नदीतून होडीने तिच्या चर्चकडे परत नेतात. मी तो प्रत्यक्ष पाहिलेला नाही. एरवी पारंपरिक जगणं जवळून बघायचं असेल, पायांत बळ असेल आणि एका गावात तीन रात्री थांबायची तयारी असेल, तर इफुगावला जा, आणि एप्रिल-मेमध्ये जा, तेव्हा खाचरं हिरवी असतात.

मी मात्र मार्चची लेगाझ्पीची तिकिटं काढली आहेत. आईला लाइंगबद्दल सांगितलं, तर चिंचेशिवाय अळू खाजणार नाही हे तिला अजून पटलेलं नाही. कामालिगला पहिल्याच दुपारी उतरणार आहोत.